स्वमग्न मुलांच्या शाळेचा खर्च कोणी उचलायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्ष सुरू झाले की नागपुरात शाळाप्रवेशाची धावपळ सुरू होते. आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालचे अर्ज, सोडत, कागदपत्रांची पडताळणी यांच्या बातम्या रोज येतात. ज्यांच्या मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे, त्या आईवडिलांचे प्रश्न मात्र या बातम्यांत सापडत नाहीत. सर्वसाधारण शाळा की विशेष शाळा? विशेष शाळा असेल तर कोणती? आणि दर महिन्याचा पैसा कुठून आणायचा? या प्रश्नांची उत्तरे त्यांना आज थेरपी सेंटरच्या बाकावर बसलेल्या दुसऱ्या पालकांकडूनच मिळतात. आम्ही या मुलांसोबत काम करणारे विशेष शिक्षक आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ आहोत. पालकांच्या हाती नेमकी माहिती असावी आणि महापालिका व जिल्हा परिषदेपुढे एक मागणी मांडावी, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण या विषयात अर्धवट माहितीने फार नुकसान होते.

आधी कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आरटीईची मर्यादा १४ वर्षांची, इथे ती १८ आहे. तरतूद इतकी स्पष्ट असूनही पालकांच्या खिशातून पैसे का जातात, याचे कारण जुने आहे. १९९५ च्या कायद्यात स्वमग्नता हा प्रवर्गच नव्हता. विशेष शाळांच्या अनुदानाची घडी अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद या प्रवर्गांभोवती बसली. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेला जागा दिली, पण त्या घडीत ही मुले नीट बसली नाहीत. म्हणून स्वमग्न मूल एकतर बौद्धिक अक्षम मुलांच्या अनुदानित शाळेत जाते, नाहीतर विनाअनुदानित शाळेत पूर्ण फी भरून शिकते.

यातला पहिला मार्ग वाईटच असे नाही. नागपुरातल्या काही जुन्या अनुदानित शाळांत मन लावून काम करणारे शिक्षक आहेत. अडचण शिकवण्याच्या पद्धतीची आहे. बौद्धिक अक्षम मुलांच्या वर्गात बरेचसे शिक्षण गटात, बाईंचे पाहून आणि तोंडी सूचना ऐकून होते. स्वमग्न मुलाला नेमके हेच अवघड जाते. त्याला पुढे काय होणार ते चित्रांतून दिसावे लागते, जागा ठरलेली लागते, काम कुठे संपते ते डोळ्यांना कळावे लागते. ही मांडणी नसली तर मूल वर्गात वर्षभर शांत बसते आणि काहीच शिकत नाही. शांत बसते म्हणून तक्रारही येत नाही, आणि दोन वर्षे जातात.

शाळा शोधण्यापूर्वी प्रमाणपत्र हवे, कारण पुढचा प्रत्येक लाभ त्यावर अडतो. खासगी डॉक्टरांचा निदान अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करावा लागतो, त्यात प्रमाणपत्र देणारे सरकारी रुग्णालय निवडावे लागते आणि मग तपासणी होते. स्वमग्नता मोजण्यासाठी आयसा ही भारतीय पट्टी वापरतात. तिच्यात ४० बाबी आहेत. सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा व संवाद, वर्तन, संवेदना आणि बोधन अशा सहा भागांत त्या विभागलेल्या आहेत. प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. ७० च्या खाली गुण आले तर स्वमग्नता धरली जात नाही. ७० गुणांपासून ४० टक्के दिव्यांगत्व सुरू होते, आणि तेवढ्यावर कायद्यातले लाभ अवलंबून असतात.

घोळ इथे होतो. पट्टीतले बरेच गुण पालकांच्या सांगण्यावर ठरतात, आणि गर्दीच्या ओपीडीत आईवडील मुलाच्या चांगल्या दिवसाचे वर्णन करतात. कधी संकोचाने, कधी आपले मूल इतकेही मागे नाही या मायेने. अतिशयोक्ती करू नये, पण झाकूही नये. घरी आठवडाभर साध्या वहीत नोंदी ठेवाव्यात: नाव घेतल्यावर किती वेळा वळून पाहिले, कोणत्या आवाजाला कान झाकले, झोप किती, जेवणात कोणते पदार्थ अजिबात चालत नाहीत, एखादी गोष्ट बदलली की किती वेळ रडणे चालते. सोबत दोनतीन मिनिटांचे दोन व्हिडिओ न्यावेत. तपासणाऱ्यालाही त्याने मदत होते. लहान वयात मिळालेले प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे असते. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी, कारण मुदत संपल्याचे अनेकांना शाळेच्या किंवा कराच्या अर्जाच्या वेळीच कळते. नूतनीकरणाला वेळ लागतो, म्हणून दिवाळीपूर्वीच हालचाल सुरू करावी.

बुद्ध्यंकाविषयी एक गोष्ट इथे सांगणे भाग आहे. भारतीय मुलांसाठी देशभर वापरली जाणारी मालिन यांची बुद्धिमापन पट्टी १९६९ ची, आणि ती नागपूरचीच. व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता पट्टीचे मालिन यांनी केलेले भारतीय रूपांतर तर नागपूर रूपांतर याच नावाने ओळखले जाते. मालिन पट्टीचे शाब्दिक आणि कृतिपर असे दोन भाग आहेत. न बोलणाऱ्या मुलाला शाब्दिक भागावर जोखले तर गुणांक खोटा कमी येतो, आणि तो आकडा अहवालात राहून वर्षानुवर्षे त्याच्या शाळेची निवड ठरवतो. अहवाल घेताना कोणता भाग घेतला, कोणता घेता आला नाही, हे लेखी मागावे.

आता शाळा. पहिली गोष्ट नोंदणीची. २०१६ च्या कायद्याच्या कलम ५० प्रमाणे दिव्यांगांसाठी संस्था चालवायला नोंदणी प्रमाणपत्र लागते. ते दाखवा म्हणायला पालक कचरतात. कचरू नये. अनेक ठिकाणी थेरपी सेंटरलाच शाळा म्हटले जाते. सेंटर चांगले असू शकते, पण त्याच्या पावतीवर फीचा परतावा मिळत नाही आणि तिथला दाखला दुसरीकडे चालत नाही. दुसरी गोष्ट शिक्षकांची. विशेष शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला असावा लागतो. त्याचा सीआरआर क्रमांक असतो आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांचीही नोंदणी तिथेच होते. पदविका स्वमग्नतेची आहे, बौद्धिक अक्षमतेची की श्रवणदोषाची, हेही विचारावे. वर्ग स्वमग्न मुलांचा आणि बाई श्रवणदोषाच्या पदविकेच्या, असे होऊ शकते.

तिसरी गोष्ट प्रमाणाची, आणि इथे पालकांच्या हाती भक्कम आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ च्या निकालात पुनर्वास परिषदेचे प्रमाण घेतले: स्वमग्न, बौद्धिक अक्षम आणि अध्ययन अक्षम मुलांसाठी ५ मुलांमागे १ विशेष शिक्षक. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने सर्वसाधारण शाळांसाठी प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे १ आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक हे प्रमाण अधिसूचित केले. शाळेत गेल्यावर मदतनीस मावशी आणि शिक्षिका वेगळ्या मोजाव्यात. बारा मुले, एक शिक्षिका आणि दोन मावशी हे एकास चारचे प्रमाण होत नाही.

भेटीची वेळ महत्त्वाची. शाळा सकाळी दहाला बोलावते, कारण तेव्हा सगळे नीटनेटके असते. आम्ही सांगू, साडेअकरा ते एक या वेळात जा. डबा, हात धुणे, शौचालय, एका कामातून दुसऱ्या कामात जाणे, सगळे त्या दीड तासात येते आणि शाळेची खरी ओळख तिथेच पटते. मूल रडायला लागले तर शिक्षिका काय करते ते पाहा. ती आवाज आणि गर्दी कमी करते, चित्र दाखवते, थांबते, की हात धरून ओढते आणि मोठ्याने बोलते? वर्तनाची नोंदवही मागा. कधी घडले, आधी काय झाले होते, नंतर काय मिळाले, असे तीन रकाने तिच्यात असायला हवेत. नुसते 'आज खूप त्रास दिला' असे लिहिले असेल, तर त्या शाळेत वर्तनाचे कारण शोधले जात नाही.

भिंतीवरचे चित्र-वेळापत्रक मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे का, आणि त्यावरची कार्डे कडेने मळलेली आहेत का, हेही बघावे. कार्ड रोज हाताळले जात असेल तर ते मळतेच. पाहुण्यांसाठी लावलेली कार्डे कोरी राहतात.

नागपूरच्या हवेमुळे काही प्रश्न इथल्याच पालकांना विचारावे लागतील. मार्च लागला की वर्गात कूलर सुरू होतात. त्याची घरघर, पाण्याचा वास, तोंडावर येणारा झोत, यातले काहीही एखाद्या मुलाला असह्य होऊ शकते, आणि अचानक बिघडलेल्या वर्तनामागचे हे कारण वर्गात कुणाच्या ध्यानात येत नाही. त्याची जागा कूलरपासून लांब, पण पंख्याखाली ठेवता येईल का? उन्हाळ्यात शाळा सकाळची होते तेव्हा बदललेले वेळापत्रक मुलाला आठवडाभर आधीपासून चित्रांतून दाखवतात का? विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यानंतर जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. एवढ्या लांब सुटीत मिळवलेली कौशल्ये मागे पडतात. सुटीसाठी घरचा आराखडा लिहून देणारी शाळा असेल तर तिचे पारडे जड धरावे. मारबतीच्या मिरवणुकीचा दिवस, गणपतीचे ढोल यांच्या आधी काय तयारी करतात, हेही विचारावे. अनुभवी शिक्षिका लगेच सांगेल.

मुलाने व्हॅनमध्ये एका बाजूने पाऊण तासापेक्षा जास्त काढू नये, असे आमचे मत आहे. वाडीहून मानेवाड्याकडे चांगली शाळा आहे म्हणून मुलाला रोज दोन तास गाडीत बसवले, तर वर्गात पोचेपर्यंत त्याची सहनशक्ती संपलेली असते. गाडीत चालकाशिवाय मदतनीस हवा, दाराला आतून न उघडणारे कुलूप हवे, आणि दोघांची पोलीस पडताळणी झालेली हवी. शाळेचे फाटक रस्त्यावर उघडत असेल तर दुहेरी दार आहे का ते पाहावे. पळून जाणे ही या मुलांतली सर्वात धोक्याची गोष्ट आहे, आणि तिच्याकडे नुसता फाटकाच्या कडीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते.

सर्वात जास्त वेळ द्यावा तो वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याला. जुन्या मुलाचा, नाव झाकलेला, एक आराखडा दाखवा असे सांगावे. त्यात 'संवाद सुधारणे', 'एकाग्रता वाढवणे' असली उद्दिष्टे असतील तर तो आराखडा निरुपयोगी आहे, कारण ते साधले की नाही हे कधीच ठरवता येत नाही. चालणारे उद्दिष्ट असे असते: डब्याच्या वेळी पाण्याचे चित्रकार्ड स्वतःहून उचलून शिक्षिकेच्या हातात देणे, दहापैकी आठ वेळा, सलग तीन दिवस, दोन वेगवेगळ्या माणसांकडे. सुरुवातीला मूल दहापैकी किती वेळा करत होते तो आकडा शेजारी असावा. दर तीन महिन्यांनी आढावा व्हावा आणि त्यावर पालकांची सही असावी. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची कार्यात्मक मूल्यमापन सूची बहुतेक विशेष शाळांत वापरतात. वैयक्तिक, सामाजिक, शैक्षणिक, व्यावसायिक आणि मनोरंजन असे तिचे पाच भाग आहेत, आणि ८० टक्के बाबी जमल्या की मूल वरच्या गटात जाते. ती भरलेली सूची दर वर्षी मागून घ्यावी. शाळा बदलली तर तीच मुलाची खरी गुणपत्रिका असते.

थेरपीच्या तासांविषयी एक गैरसमज खोलवर रुजला आहे. आठवड्यातून दोनदा पाऊण तासाची ओटी, म्हणजे व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी), धरली तर ९० मिनिटे होतात. शाळा रोज पाच तास, आठवड्याला २५ तास. तेव्हा ओटी किती चांगली यापेक्षा ओटीत ठरलेली गोष्ट वर्गातल्या २५ तासांत पोचते का, हा प्रश्न मोठा आहे. थेरपिस्ट आणि वर्गशिक्षिका महिन्यातून एकदा तरी एकत्र बसतात का, ते विचारा. उत्तर नाही असेल, तर जास्तीची सत्रे विकत घेऊन फारसे काही हाती लागणार नाही.

बोलणारे, वाचायला शिकलेले, अभ्यासात रस घेणारे मूल असेल तर त्याला थेट विशेष शाळेत टाकण्यापूर्वी सर्वसाधारण शाळेचा मार्ग तपासावा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग मुले आरटीईच्या वंचित गटात येतात. खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के जागांसाठी त्यांना अर्ज करता येतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र मात्र लागते. प्रवेशाच्या वेळी मुलाची चाचणी घेणे आरटीईच्या कलम १३ ने निषिद्ध आहे, आणि दिव्यांगत्वावरून भेदभाव न करता प्रवेश देणे हे २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ ने मान्यताप्राप्त व अनुदानित शाळांवर बंधनकारक आहे. 'आमच्याकडे सोय नाही' असे तोंडी सांगून परत पाठवले, तर त्याच दिवशी शाळेला ईमेल करावा: अमुक तारखेला आलो, अमुक व्यक्तीने असे सांगितले, हा नकार असेल तर लेखी द्यावा. बरेच प्रश्न तिथेच सुटतात. न सुटल्यास पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो. त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत समग्र शिक्षाअंतर्गत विशेष शिक्षक येतात, आणि पात्र मुलांना प्रवास भत्ता व मदतनीस भत्ताही मिळतो. शाळा स्वतःहून सांगेल याची वाट पाहू नये, मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करावा.

शॅडो टीचर, म्हणजे वर्गात या एकाच मुलाच्या मदतीला बसणारी शिक्षिका, पालकांनीच नेमावी आणि तिचा पगारही द्यावा, अशी अट काही शाळा घालतात. ही अट आम्हाला अन्याय्य वाटते. तरीही नेमावी लागली, तर पहिल्या दिवसापासून ती कमी करत नेण्याचा आराखडा लिहून घ्यावा: पहिले तीन महिने शेजारी, मग मागच्या बाकावर, मग दिवसातून ठरावीक तासच. नाहीतर मूल शिक्षिकेकडे बघायचेच बंद करते, शिक्षिकाही त्याला शॅडोच्या हवाली करते, आणि वर्गात मुलाचा दुसराच छोटा वर्ग तयार होतो. दहावीला लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ यांसारख्या सवलती आहेत. राज्य मंडळ जड वाटले तर मुक्त विद्यालयाचा रस्ता खुला असतो. तो निर्णय आठवीपर्यंत झालेला बरा.

वसतिगृहाच्या शाळांविषयी थोडक्यात: दिवसाच्या शाळेची सोय असेल तर दहा वर्षांच्या आतल्या स्वमग्न मुलाला निवासी शाळेत ठेवू नये. काटोल, उमरेडकडच्या कुटुंबांना दुसरा मार्ग नसेल, तर रात्रपाळीला किती माणसे असतात ते विचारावे, औषधांची नोंदवही पाहावी आणि न कळवता भेटायला परवानगी आहे का ते लेखी घ्यावे.

आता पैसा. हिशेब वर्षाचा करावा, महिन्याचा नाही. समजा विनाअनुदानित विशेष शाळेची फी महिना ७,००० रुपये आहे आणि ती बाराही महिने घेतली जाते: ८४,००० रुपये. महिन्याला ओटीची आठ सत्रे, ५०० रुपये दराने: वर्षाला ४८,०००. वाचा उपचाराची चार सत्रे: २४,०००. व्हॅन २,५०० रुपये, दहा महिने: २५,०००. एकूण १,८१,००० रुपये. यात औषधे, तपासण्या, बालविकासतज्ज्ञांच्या भेटी आणि आईने सोडलेली नोकरी धरलेली नाही.

यातले काय परत मिळते? केंद्र सरकारी नोकरांना दिव्यांग मुलासाठी शिक्षण भत्ता दुप्पट दराने मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो महिना ५,६२५ रुपये, म्हणजे वर्षाला ६७,५०० रुपये आहे, आणि मुलाच्या वयाच्या २२ वर्षांपर्यंत मिळतो. रेल्वे, टपाल, आयकर, महालेखापाल कार्यालय अशी केंद्राची मोठी कार्यालये नागपुरात आहेत, तरी अनेक कर्मचारी दुप्पट दराचा अर्जच करत नाहीत. अट अशी की शाळा सरकारने मान्य केलेली किंवा अनुदानित हवी, अथवा तिची फी सरकारी यंत्रणेने मंजूर केलेली हवी. नोंदणीचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठीही.

राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना स्वमग्न मुलांसाठी आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण, वैद्यकीय पूर्वतपासणी नाही, वयाची अट नाही. ओपीडी आणि थेरपीचा खर्चही ठरलेल्या उपमर्यादेत मिळतो. न्यासाकडे नोंदलेल्या स्थानिक संस्थेमार्फत अर्ज करावा. विम्याचे वर्ष एप्रिल ते मार्च असते, त्यामुळे नूतनीकरण मार्च संपण्याआधी करावे. दावे अडतात ते बिलांवर. बिलावर मुलाचे पूर्ण नाव, प्रत्येक सत्राची तारीख, थेरपीचा प्रकार आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक असावा. 'थेरपी, ऑक्टोबर, रु. ४,०००' अशा एका ओळीच्या पावतीवर पैसे मिळणे कठीण.

आयकराच्या जुन्या करप्रणालीत ८०डीडी या नावाने ओळखली जाणारी वजावट आहे: ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपये आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपये. प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर ती अवलंबून नाही. २० टक्के कराच्या टप्प्यात ७५,००० वर उपकरासह १५,६०० रुपये वाचतात. स्वमग्नतेसाठी वेगळा वैद्यकीय दाखला, फॉर्म १०-आयए, आजवर लागत आला आहे. तो बालमज्जाविकारतज्ज्ञ किंवा सरकारी रुग्णालयातील सिव्हिल सर्जन (जिल्हा शल्यचिकित्सक) देतात. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, म्हणून दोन्ही हिशेब मांडूनच प्रणाली निवडावी.

फी देताना तीन गोष्टी पाळाव्यात. वर्षाची फी एकरकमी भरू नये, तिमाही भरावी. मध्येच मूल काढले तर किती परत मिळेल हे आधी लेखी घ्यावे. आणि फीचा काही भाग देणगी म्हणून घेतला जात असेल तर नकार द्यावा, कारण देणगीच्या पावतीवर शिक्षण भत्ता मिळत नाही. मूल बरे करून देतो म्हणणाऱ्या पॅकेजपासून दूरच राहावे. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. तरी कर्ज काढून लोक तिथे पैसे घालतात, आणि मग शाळेच्या फीला काही उरत नाही.

कमी खर्चाच्या सरकारी जागाही आहेत. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, व्यवसायोपचाराचे जुने विद्यालय आहे आणि तिथे ओटी सरकारी दरात मिळते. केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र नागपुरात आहे. रोज जाणे जमत नसेल तरी दर तीन महिन्यांनी तिथून मूल्यमापन आणि घरचा कार्यक्रम घ्यावा. तेवढ्यानेही खासगी सत्रांची संख्या कमी करता येते. मूल अठराचे होत आले की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. बँक खाते आणि पेन्शनची कामे पुढे त्यावर अडतात.

हे सगळे जमवूनही खासगी नोकरी करणाऱ्या, ऑटो चालवणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या घराला वरच्या १,८१,००० पैकी फार थोडे परत मिळते. त्यांना भत्ता नाही, आणि पुरेसा कर बसत नाही म्हणून वजावटीचाही उपयोग नाही. इथे आमची मागणी येते. आरटीईत खासगी शाळेत गेलेल्या मुलामागे राज्य सरकार शाळेला वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत प्रतिपूर्ती देते. तेच मूल नोंदणीकृत विनाअनुदानित विशेष शाळेत गेले तर त्या शाळेला ही प्रतिपूर्ती मिळत नाही, आणि कलम ३१ मधला मोफत शिक्षणाचा हक्क पालक स्वतःच्या पैशाने विकत घेतात. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. नागपूर महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी त्या निधीतून नोंदणीकृत विशेष शाळांची फी आणि नोंदणीकृत थेरपिस्टची सत्रे यांची प्रतिपूर्ती सुरू करावी. निदान आरटीईच्या रकमेइतकी सुरुवात तरी व्हावी, आणि पुढे प्रत्यक्ष फीच्या प्रमाणात ती वाढवावी. पैसे तिमाही पावतीवर थेट पालकांच्या खात्यात जमा व्हावेत. वर्षाअखेरची एकरकमी मदत उपयोगाची नाही, कारण फी थकली की मुलाला घरी बसवले जाते, आणि घरी बसलेले तीन महिने भरून काढायला वर्ष लागते.

सोबत जिल्ह्यातील सर्व नोंदणीकृत विशेष शाळांची यादी दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर यावी: प्रवर्ग, मंजूर जागा, रिकाम्या जागा, नोंदणीकृत शिक्षकांची संख्या, फी आणि शेवटच्या तपासणीची तारीख. ही माहिती सरकारदरबारी असतेच, पालकांना ती मिळत नाही इतकेच. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत स्वमग्न मुलांच्या प्रमाणपत्रासाठी आठवड्यातला एक वेगळा दिवस आणि एक शांत खोली ठेवली, तर तपासणीही अधिक नेमकी होईल.

महापालिका आणि जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरते. प्रतिपूर्तीची तरतूद त्यात झाली तरच जूनअखेर उघडणाऱ्या शाळांत या मुलांना तिचा लाभ होईल. आपल्या वृत्तपत्राने लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना हा प्रश्न अंदाजपत्रकापूर्वी विचारावा, ही विनंती.

आपले,
स्वमग्न मुलांसोबत काम करणारे काही विशेष शिक्षक व व्यवसायोपचारतज्ज्ञ, नागपूर